खंदारे मॅडमचा टेप

खंदारे मॅडमवर नजर ठेवा, असं हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं. नसतं सांगितलं तरी मी ठेवलीच असती. शिरड शहापूरच्या शाळेत मी क्लार्क म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली. आलेला माणूस कुठला, कशाला आला, आणि कागदावर सांगतो तेवढा खरंच शिकलेला आहे का, हे बघणं मी माझ्या कामातच धरत होतो. कुणी सांगितलेलं नव्हतं, सवयच तशी.

मॅडम आल्या त्या तासिका तत्त्वावर. म्हणजे जून ते एप्रिल तास घ्यायचे आणि वर्ष संपलं की राम राम. विषय शारीरिक शिक्षण, गाव कळमनुरी. वय पस्तिशीच्या आसपास, अंगानं सडसडीत, उजव्या पायानं किंचित लंगडत. खांद्याला काळी पर्स आणि पर्समध्ये सुताराकडं असतो तसला पिवळा मेजरिंग टेप. खेळाच्या मॅडम आणि लंगडतात, हे मला पहिल्या दिवशीच खटकलं. स्टाफरूममध्ये आडनाव विचारून झालं. खंदारे म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही पाहिलं. मॅडमनी ते बघितलं असावं. दुसऱ्या दिवसापासून त्या पाण्याची बाटली घरून आणू लागल्या. का आणतात ते मला कळलं नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल.

आमची पहिली चकमक झाली ती फुटबॉलवरून. खेळाच्या खोलीचा चार्ज द्यायचा म्हणून मी यादी पुढं केली आणि म्हणालो, इथं सही करा. मॅडमनी यादी घेतली, खोलीत गेल्या, आणि अर्ध्या तासानं अंगावर धूळ घेऊन बाहेर आल्या.

"बाबूजी, कागदावर फुटबॉल सात हायत. आत पाच हायत. त्यातले दोन फाटके."

"असतील कुठंतरी. करा सही. आजपर्यंत सगळ्यांनी केलीय."

"सगळ्यांनी केली म्हणूनच सात हायत," म्हणाल्या, आणि सात खोडून पाच लिहिलं, बाजूला 'दोन फाटके' असं बारीक अक्षरात टाकलं, मग सही केली.

अठ्ठावीस वर्षांत माझ्या यादीवर कुणी खाडाखोड केली नव्हती. माझा पारा असा चढला की दुपारचा डबा गोड लागला नाही. मनात म्हणालो, बाई, तू माझे फुटबॉल मोजलेस, आता मी तुझं एकेक पाऊल मोजतो.

मोजायला विषयही लवकरच मिळाला. नववी पास होऊन दहावीत आलेली राणी नावाची मुलगी होती, मारोती म्हणून एका शेतकऱ्याची. लांब पायांची, अबोल. शाळेचं तारेचं कुंपण ती दप्तरासकट ओलांडायची, फाटकानं कधी यायचीच नाही. मी तिला दोनदा दंड केला होता. मॅडमनी ते पाहिलं आणि दंड करायच्या ऐवजी संध्याकाळी थेट तिच्या घरी गेल्या. सरकारी क्रीडा वसतिगृहात उंच उडीसाठी मुली घेतात. एक मीटर पंचेचाळीस सेंटिमीटर ओलांडलं की नाव पक्कं. राहणं, खाणं, पुढचं शिक्षण, सगळं तिथंच.

मारोतीनं तंबाखू मळत ऐकून घेतलं. त्याचं आधीच ठरलेलं होतं. दहावी झाली की राणीला आत्याकडं धाडायची, आत्याची लेकरं सांभाळायला. शाळा तिथंच संपायची. तो म्हणाला, "एक वरीस देतो मॅडम. झालं तर झालं. न्हाई झालं तर मंग पुन्हा दारात यायचं न्हाई." राणी आतल्या खोलीच्या चौकटीला धरून उभी होती, असं मॅडमनीच मला पुढं कधीतरी सांगितलं. सगळं त्या एका वर्षावर आलं होतं.

आणि त्या एका वर्षातले पहिले दोन महिने मॅडमनी राणीला दांडीवरून उडीच मारू दिली नाही.

मी ऑफिसच्या खिडकीतून बघायचो. राणी आणि आणखी पाचसहा मुली शाळेच्या ओट्याच्या पायरीवर उभ्या. नुसते चवडे पायरीच्या कडेवर, टाचा अधांतरी. टाचा खाली सोडायच्या, वर उचलायच्या. पुन्हा खाली, पुन्हा वर. आधी दोन पायांवर, मग एका पायावर. मग बैठका. खाली जाताना मॅडम सावकाश पाच मोजायच्या, खाली दम धरायला लावायच्या, आणि वर यायचं ते एका झटक्यात. मग ओट्यावर एका पायानं चढायचं, खालच्या पायानं जमिनीला रेटा द्यायचा नाही. दिला की त्या ओळखायच्या. "खालच्या पायानं चोरी केली. हे धरलं न्हाई." पुढं खांद्यावर वजन आलं. खताच्या रिकाम्या थैल्या, त्यात काळी माती. त्या थैल्या दर सोमवारी किराणा दुकानाच्या काट्यावर जायच्या, कारण ओली माती जास्त भरते आणि वाळली की कमी, आणि मागच्या सोमवारच्या आकड्यावर मॅडमचा भरवसा नव्हता.

वर एक दिवसाआड सुट्टी. "ताकद आरामात भरती," म्हणायच्या. कामाला आलेली बाई आराम शिकवते, हे मी लगेच हेडमास्तरांच्या कानावर घातलं.

एकदा मी न राहवून विचारलं, "मॅडम, उडी कधी शिकवणार?"

"हीच उडी हाय की, बाबूजी."

"ही तर उठाबस आहे."

"उडी पायात नसती. मांडीत आणि ढुंगणात असती. तिथं ताकद भरली की पाय आपोआप वर जातो." सगळ्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. मी ऑफिसात येऊन बसलो. बायामाणसानं असं उघड बोलावं, याचा मला आठवडाभर राग होता.

गावातही कुजबुज सुरू झाली. मारोतीला कुणीतरी भरवलं आणि तो एक दिवस शाळेत आला.

"मॅडम, वजन उचलून पोरीचं पोट सरकतं म्हणतेत. उद्या लग्न झाल्यावर तकलीफ होईल."

मॅडम त्याला बसा म्हणाल्या. "तुमच्या घरी पाणी कोण आणतं?"

"हीच आणती की."

"कशात?"

"डोक्यावर हंडा, कमरेला कळशी."

"किती वर्षांपासून?"

मारोतीनं जरा आठवलं. "असंल, तिसरीत होती तवापासून."

"माझी थैली तुमच्या हंड्याच्या निम्मी हाय. काट्यावर घालून दाखवते. तिसरीपासून हंड्यानं सरकलं न्हाई, ते थैलीनं काहून सरकंल?"

मारोती उठला. पण जाताना माझ्या टेबलाशी थांबून हळूच म्हणाला, "बाबू, तुमी लक्ष ठिवा हं जरा." म्हणजे आता मला दोघांकडून हुकूम होता.

मी लक्ष ठेवतो हे मॅडमना माहीत होतं. एक दिवस त्यांनी सरळ वही आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. "बघूनच राहिलात तर लिहीत तरी जा." तेव्हापासून दर शनिवारी राणीची मापं मी लिहायला लागलो. पद्धत अशी. बोटाला निळा खडू लावायचा, भिंतीला खेटून उभं राहून हात ताणायचा आणि खूण करायची. मग जागच्या जागी उडी मारून वर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. पावसाळ्यात एका शनिवारी राणीचं अंतर एकदम चार बोटं वाढलं. मी खुशीनं लिहिणार, तोच मॅडम भिंतीजवळ गेल्या.

"वरची खूण मागच्या शनिवारचीच हाय. खालची खाली आली."

त्यांनी राणीला पुन्हा उभं केलं, तिच्या कोपराला खालून बोट लावून वर ढकललं. खांदा वर सरकला, बोटं चांगली चार बोटं वर गेली. राणीनं उभ्यानं खूण करताना खांदा पाडून ठेवला होता.

"भिंतीला फसवशील. दांडीला कशी फसवशील?" एवढंच म्हणाल्या. राणीची मान खाली. मी वहीत जुनाच आकडा लिहिला. माणसं पकडण्यात मी स्वतःला पटाईत समजत होतो, आणि हे माझ्या नाकासमोर झालं होतं.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत.

उंच उडीचे दोन लोखंडी खांब मैदानात कमरेइतके खोल, गिट्टी-सिमेंटात पक्के रोवलेले आहेत. त्या वर्षी मे महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, मी स्वतः त्यांच्यावर लाल ऑइलपेंटनं सेंटिमीटरचे आकडे रंगवले होते. जमिनीपासून टेप लावून, एकेक रेघ पट्टीनं आखून. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते खांब दाखवायचो.

पोळा झाला आणि मॅडमनी राणीला दांडीवर घेतलं. दिवसाला मोजून दहा उड्या, अकरावी नाही. पंधरा दिवसांत राणीनं माझ्या खांबावरचं एकशे पंचेचाळीस ओलांडलं. दांडी हललीसुद्धा नाही. पोरींनी ओरडून शाळा डोक्यावर घेतली. हेडमास्तर बाहेर आले, मारोतीला निरोप गेला, तो चिखलाच्या पायांनी धावत आला. मी आकड्यावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवत होतो.

मॅडम मात्र खेळाच्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. दार ओढत होत्या, ढकलत होत्या.

"बाबूजी, हे दार जूनमधी लागत होतं ना?"

"लागायचं की. पावसाळ्यात खाली घासतं. सगळ्यांच्याच घरची घासतात."

"व्हय," म्हणाल्या. "मी आले तवा ह्याच्याखालून मांजर जायचं. आता कागद जात न्हाई."

मग पर्समधून टेप काढला, लंगडत खांबांपाशी गेल्या, गुडघा टेकला. खालचं टोक स्वतःच्या बोटानं जमिनीला दाबलं. ते टोक त्या कधीच कुणाला धरू देत नसत. दांडी मधोमध झुकते म्हणून माप मधोमधच घ्यायचं, हाही त्यांचा नियम. बघितलं, पुन्हा बघितलं.

"एकशे एकोणचाळीस."

मी म्हणालो, टेप खोटा असेल. मॅडमनी गवंड्याचा टेप मागवला. तोही एकशे एकोणचाळीसच म्हणाला.

काळ्या मातीत माझा जन्म गेला. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो आणि पावसाळ्यात ती अशी फुगते की दारं अडकतात, भिंतींना तडे जातात. हे आमच्याकडं लेकरालाही माहीत आहे. आणि मी मे महिन्यात जमीन खाली बसलेली असताना माप घेतलं, ऑइलपेंटनं पक्कं केलं आणि वर्षभराचं मानलं. खांब सिमेंटात, ते जागचे हलले नाहीत. जमीन सहा सेंटिमीटर वर आली होती.

राणी खड्ड्यावरच्या गाद्यांवर बसून रडली. मारोती म्हणाला, "पोरगी उडाली तर हिला बघवंना." आणि मी काय केलं? चूक माझी, पण गावात मी सांगत सुटलो की मॅडमना पोरीचं चांगलं व्हावं असं वाटतच नाही, त्यांचा काहीतरी डाव आहे. डाव कसला, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. मॅडमच्या कानावर ते गेलं असणारच. त्यांनी थैल्यांत आणखी थोडी माती भरली आणि राणीला म्हणाल्या, "सहा कमी हाय. फेब्रुवारीपर्यंत वेळ हाय."

पुढचे चार महिने टाचा, बैठका, ओटा. थंडीतही. खांबावरच्या माझ्या आकड्यांकडं कुणी बघेना. दर वेळी टेप.

फेब्रुवारीत निवड चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात होती. कागदपत्रं घेऊन मी गेलो, मारोती गेला. मोठं मैदान, जाड निळ्या गाद्या, सरकत्या आकड्यांचे चकचकीत खांब. दोरीच्या आत फक्त मुली आणि साहेब लोक, मार्गदर्शकांनी बाहेर उभं राहायचं. साहेब खांबावरचा आकडा बघून दांडी ठेवत होते, टेप कुणी लावत नव्हतं. मॅडम ते बघून राहिल्या होत्या. सकाळपासून मी त्यांच्या पर्सकडंच बघत होतो.

एकशे पंचेचाळीसवर राणीची पहिली उडी पडली. दुसरी पडली. मारोती दोरीजवळ उकिडवा बसला, टोपी काढून हातात घेतली. तिसऱ्या वेळी राणी धावली, उठली, पाठीमागून पायाचा ओझरता स्पर्श झाला. दांडी थरथरली, आणि राहिली. साहेबांनी पांढरा झेंडा वर केला, दुसऱ्यानं नाव लिहून घेतलं. मारोती तिथंच मातीत बसून ढसाढसा रडायला लागला.

आणि मी ती दांडी बघितली. मधोमध झुकलेली होती. वर्षभर मॅडमच्या हाताखाली मापं लिहिली नसती तर मला ते दिसलंही नसतं. मॅडमचा हात पर्समध्ये गेला. ही बाई आता टेप काढणार, दोरीखालून आत जाणार आणि पोरीचं सगळं मातीत घालणार. जन्मात पहिल्यांदा मी मनातल्या मनात कुणाला तरी म्हणालो, नका मोजू हो मॅडम.

हात बाहेर आला तो रिकामा. त्यांनी पर्सची चेन ओढून लावली.

नंतर नळापाशी त्या तोंड धूत होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, "मॅडम, दांडी झुकली होती का?"

"मोजली न्हाई."

"काहून?"

"मोजली असती तर बोलावं लागलं असतं."

पदरानं तोंड पुसलं, मग माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या. "दहावीत असताना मी अशीच उडाले होते. सकाळपासून बारा पोरी उडाल्या, कुणाची दांडी मोजली न्हाई. माझं आडनाव पुकारलं आणि एक साहेब म्हणाला, हिची मोजा. एक बोट कमी भरली. खोटं न्हाई बोलला तो, खरंच कमी होती. पण माझीच मोजली. मंग जिद्दीनं रोज शंभर शंभर उड्या मारल्या, पायात ताकद नसताना, आणि हा गुडघा घालवला. तवापासून टेप जवळ ठेवते. सगळ्यांची मोजते. आज बाकीच्यांची मोजली असती तर हिचीही मोजली असती बाबूजी. पण एकीचीच, आणि तीही माझ्या हातानं?"

त्यांच्या आडनावावर मी स्टाफरूममध्ये टाकलेली ती नजर मला तिथं नळापाशी आठवली, आणि मान वर करवेना.

मॅडमनी टेप काढून माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडं ठेवा. आजपासून माझ्याकडं शोभत न्हाई."

एप्रिलमध्ये वर्ष संपलं, मॅडम गेल्या. जाताना खेळाच्या खोलीची यादी दिली, फुटबॉल पाच, फाटके दोन. जूनमध्ये राणी वसतिगृहात गेली. टेप माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. मला तो दिसला की अस्वस्थ व्हायचं. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, आता स्वतःचाच यायचा, की मला तरी ती दांडी खरंच झुकलेली दिसली होती का.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, मी एकटाच कागद लावत बसलो होतो. दुपारी दारात खंदारे मॅडम. मागं राणी, खांदे भरलेले, वीतभर उंच झाल्यासारखी. घरी निरोप पाठवून मॅडमनीच तिला बोलावलं होतं.

"टेप हाय ना?"

मी ड्रॉवरमधून काढला. आम्ही मैदानात गेलो. मॅडम खांबाशी वाकल्या, आणि मग तशाच थांबल्या.

"खालचं टोक तुमी धरा, बाबूजी."

मी गुडघे टेकून बोटानं टोक जमिनीला दाबलं. इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. मॅडमनी मधोमध माप घेतलं, दांडी वर सरकवली, पुन्हा घेतलं.

"एकशे सत्तेचाळीस."

"पंचेचाळीस ना?"

"दोन त्या दिवशीचे," त्या हळूच म्हणाल्या.

म्हणजे न मोजताही त्यांना माहीत होतं. नजरेनं किती झुकली तेही.

राणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती सँडल काढून अनवाणी धावली आणि दांडीवरून गेली, मध्ये हात जाईल एवढी जागा ठेवून. "अजून वर घ्या की मॅडम," म्हणाली. मॅडमनी मान हलवली. टाळी वाजवली नाही, शाबास म्हणाल्या नाहीत. खांबाला धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि मग डोळे पुसले. मला विचारावंसं वाटलं, आजच्या उडीनं त्या दिवशीची उडी खरी होते का? विचारलं नाही. उत्तर त्यांनी दिलं असतं, आणि ते खरं असतं.

मी ऑफिसातल्या माठातून तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं धरलं. जवळजवळ दीड वर्ष उशीर झाला होता. मॅडमनी तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सगळं पाणी प्यायल्या. टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला.

रस्त्यावर त्यांना सोडायला गेलो. औंढ्याची काळीपिवळी जीप माणसं भरायची वाट बघत उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "बसा मॅडम, एकच शीट कमी हाय, लगेच निघतो." मॅडमनी खिडकीतून आत मान घातली आणि बोटानं माणसं मोजली.

"चार कमी हायत," मला म्हणाल्या, आणि तरीही आत जाऊन बसल्या.